ठिपका कुणाच्या घरी

निहूच्या आईबापांनी तिच्या ताब्यासाठी कोर्टात दावा लावला, तेव्हा मी म्हटलं होतं, आपल्याला काय त्याचं? मी पाळणाघर चालवते. नाशकात सिडकोतलं माझं रो-हाऊस, त्यातली पुढची लांबोडी खोली मुलांची. आईबाप सकाळी मूल सोडतात, संध्याकाळी घेऊन जातात. त्यांच्या घरात काय शिजतंय याची चौकशी मी कधी करत नाही. करावीच लागत नाही, पोरं आपणहून सगळं सांगतात.

निहू म्हणजे निहिरा देवरे. रांगायच्या आधी माझ्याकडे आली ती आता साडेतीन वर्षांची झाली होती. आई ऋचा आणि बाबा सौमित्र, दोघंही अंबडच्या एका ड्रोनच्या कारखान्यात इंजिनिअर. वेगळं व्हायचं ठरल्यावर ऋचा पाथर्डी फाट्याला वडिलांच्या फ्लॅटमध्ये गेली, सौमित्र कॉलेज रोडला राहिला. गाडी, फर्निचर, मिक्सर सगळं गोडीगुलाबीनं वाटून झालं. मुलीपाशी आल्यावर मात्र दोघं हट्टाला पेटले, आणि कोर्टानं टोपरं घालून तपासणी करायचा हुकूम दिला.

टोपऱ्याबद्दल लोक काहीबाही बोलतात. आमच्या शेजारच्या मालपुरेबाईंना अजून वाटतं की ते पोरांची अक्कल मोजायचं यंत्र आहे. तसं नाही. कोर्टानं पाठवलेल्या डॉक्टर तस्नीम इनामदार ते घेऊन माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. बाळंतिणीच्या घरात बाळाला घालतात तसंच टोपरं दिसतं, हनुवटीखाली बंद, फक्त आतून बारीक चकत्या शिवलेल्या.

"काकू, मेंदूत कानाच्या आतल्या अंगाला एक बोटभर भाग असतो," त्या म्हणाल्या. "त्यात जागा ओळखणाऱ्या पेशी असतात. तुम्ही ओट्यापाशी उभ्या राहिलात की एक जागी होते, दाराशी गेलात की दुसरी. असं करत सगळ्या घराचा नकाशा आत तयार होतो. मूल तो जन्मताना घेऊन येत नाही. रांगायला लागलं की स्वतः काढायला घेतं."

"आणि कडेवर घेऊन फिरवलं तर?"

"फारसं काही उमटत नाही. गाडीतून नेलं तरी नाही. मूल स्वतःच्या गुडघ्यांनी आणि पायांनी जिथं जातं, तीच जागा ठळक होते."

त्यांच्या लोकांनी शोध लावला होता तो याच्या पुढचा. लहान मुलाच्या डोक्यातले सगळे नकाशे म्हणे एका जागेला बांधलेले असतात. बाकी सगळी अंतरं मूल तिथून मोजतं. परक्या जागी घाबरलं, चक्रावलं, की मेंदू आधी ती जागा चाचपतो, ती सापडली की मूल शांत होतं. टोपरं घालून पोरगं आठवडाभर हिंडलं की यंत्र हा नकाशा पडद्यावर काढून दाखवतं आणि त्या जागेवर एक लाल ठिपका देतं. पळवून नेलेल्या मुलांचं मूळ घर शोधायला हे यंत्र काढलं होतं, आणि त्या कामात त्यानं पुण्यही मिळवलं. मग ते वकिलांच्या हाती पडलं. घटस्फोटाच्या दाव्यात ठिपका जिथं, मूल तिथं, असा शिरस्ताच पडून गेला.

निहू आठवडाभर टोपरं घालून तिन्ही घरांत हिंडली. मग आम्हाला न्यायाधीशबाईंच्या खोलीत बोलावलं. मला का बोलावलं ते कळेना. मी आपली चांगलं पातळ नेसून कडेला बसले.

पडद्यावर आधी ऋचाचं घर आलं. पलंगाभोवतीची थोडी जागा, तिथून फ्रिजपर्यंत एक पुसट रेघ, बाकी सगळा अंधार. सौमित्रच्या घरात एक सोफा तेवढा दिसत होता. बरोबरच आहे. पोरगी झोपलेली गाडीतून उचलायची, पलंगावर टाकायची, सकाळी पलंगावरून उचलून गाडीत. रविवारी मॉल, तिथं बाबागाडी. वाईट माणसं नव्हती ती, दमलेली होती. पण दमलेल्या माणसाचं मूल जमिनीला लागत नाही, हे मी इतकी वर्षं बघतेय.

मग माझी खोली आली. लांब भिंत, आखूड भिंत, जिन्याखालचा बोळ, चपलांचा कोनाडा, सगळं लख्ख. आणि लांब भिंतीच्या टोकाला, जिथं मी पाटावर बसून विळीवर भाजी चिरते, त्या कोपऱ्यात ठिपका.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतका झाला की मी खाली मान घालून बसले, कुणाला दिसू नये म्हणून.

वर बघितलं तर ऋचा रडत होती आणि सौमित्र माझ्याकडे असा बघत होता जसं काही मी त्याचं पाकीट मारलंय. त्याचे वकील उठले. "या बाई मुलीला दिवसभर जमिनीवर ठेवत होत्या, हे त्या नाकारतात का?"

"जमिनीवर नाही तर काय माळ्यावर ठेवायचं?" मी म्हटलं.

न्यायाधीशबाईंनी मला गप्प बसायला सांगितलं. मग ऋचाच्या वकीलबाई उठल्या, त्या म्हणाल्या, पाळणाघरानं ठिपका आपल्याकडे ओढून घेऊ नये याची काळजी घ्यायला हवी होती. मुलीवरून भांडायला लागल्यापासून त्या नवराबायकोचं पहिल्यांदा एकमत झालं, आणि ते माझ्या विरुद्ध. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

ठिपका माझ्याकडे म्हणून काही मूल मला मिळणार नव्हतं. मी कोण? मी मागितलंही नव्हतं. न्यायाधीशबाईंनी निकाल दिला की मुलीचं माझ्याकडे येणं बंद करावं आणि सहा महिन्यांत ठिपका आईच्या घरी हलवावा. हलला तर मुलगी आईची. नाही हलला तर बापानं प्रयत्न करायचा, मुलगी त्याच्याकडे. आणि सौमित्रची तर पुण्याला बदली ठरलेली होती.

त्या आठवड्यातच ऋचा आली. आत आली नाही, उंबऱ्याशीच बसली, बाहेर चप्पल काढतात त्या पायरीवर.

"काकू, तुमच्या खोलीचं माप घ्यायचंय."

"कशाला? दुकान टाकतेस?"

ती हसली नाही. तिनं सांगितलं ते असं. चक्रावलेलं लहान मूल दिशा शोधताना भिंतीचा रंग बघत नाही, पडदे बघत नाही, चित्रं बघत नाही. ते खोलीचा आकार बघतं. लांब भिंत कुठल्या हाताला, आखूड कुठल्या हाताला, एवढंच. आपण मोठी माणसं मनातल्या मनात बोलून लक्षात ठेवतो, निळ्या पडद्याच्या डावीकडे वगैरे. पाच-सहा वर्षांपर्यंत मुलांना ते जमत नाही. म्हणून ठिपका हलवायचा तर तशाच आकाराची खोली हवी. हे काम करून देणाऱ्या कंपन्याच निघाल्या होत्या. पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचा हॉल आतून भिंती घालून माझ्या खोलीएवढा करायचा. पहिले काही दिवस मी तिथं त्याच कोपऱ्यात बसायचं. मग हळूहळू माझ्या जागी ऋचानं बसायचं.

"म्हणजे माझी खोली नेणार, माझा कोपरा नेणार, मला पाहुणी म्हणून बोलावणार आणि मग नारळ देणार," मी म्हटलं. "आणि हे विचारायला तूच आलीस. शाबास तुझी."

"मग दुसरं कुणाला पाठवू?"

"तुला काहीच वाटत नाही का गं?"

"वाटतं ना," ती म्हणाली. "माझ्या पोटची पोरगी दचकून उठते तेव्हा तुमच्या घराकडे तोंड करून बसते. मला काय वाटत असेल? पण काकू, मी हरले तर सौमित्र तिला पुण्याला नेईल. मग ती मला महिन्यातून एकदा दिसेल. आणि तुम्हाला कधीच नाही."

मी उठून आत गेले. चहा टाकला. कप तिच्यापुढे आदळला आणि म्हटलं, "घे माप."

ऋचाचे वडील, नाना पगार, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मोठा हुशार माणूस, अख्खी धरणं बांधलेली. खोलीचं काम त्यांनी स्वतः उभं राहून करून घेतलं. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा त्यांनी मला टेप लावून दाखवलं, भिंतीत सुताचाही फरक नव्हता. तशीच शहाबादी फरशी. तसाच पाट, तशीच विळी, फक्त पात्याला धार नाही.

मी आत शिरले आणि माझ्या जागेकडे वळायला गेले तर तिथं कुंड्या ठेवलेल्या. माझी जागा पलीकडच्या हाताला. दारही तसंच, इकडचं तिकडे.

"नाना, हे उलटं झालंय का हो?"

"मुद्दामच," ते म्हणाले. "तुमच्यासारखं ठेवलं तर दार दक्षिणेला येत होतं. आणि तुमची बैठक नैर्ऋत्येला. मुलीचं घर मांडतोय आपण, दक्षिणेच्या दारातून कसं आणणार तिला? म्हणून सगळं पलटी करून घेतलं, आरशात दिसतं तसं. माप मात्र तेच आहे. मापात मी काही चुकत नाही."

त्यांनी वास्तूचे गुरुजीही आणले होते. गुरुजी खूश होते, कंपनीचा माणूस खूश होता, त्याचा हप्ता मिळाल्याशी मतलब. डॉक्टर इनामदारांना कुणी विचारलं नाही. ऋचानंही नाही. वास्तूच्या बाबतीत त्या बाईंना काय विचारायचं, असं नानांचं म्हणणं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या मुलाच्या लग्नात आम्ही बेसिन हलवलं होतं, मी कुठल्या तोंडानं बोलणार?

निहूला आणलं. दारातून मला बघितलं आणि धावत येऊन मांडीत बसली. नानांनी टाळी वाजवली. सगळं छान चाललं होतं, ती जागी असेपर्यंत.

दुपारी ती निजली. उठली तेव्हा नेहमीसारखी अर्धवट झोपेत होती. माझ्या घरी अशी उठली की डोळे चोळत सरळ माझ्याकडे यायची, बघायचीसुद्धा नाही. इथं तशीच उठली आणि सरळ कुंड्यांकडे गेली. तिथं जाऊन उभी राहिली. हात पुढे केला, माझा पदर धरायला. पदर नव्हता.

"निहू, मी इकडे आहे गं," मी हाक मारली.

तिनं वळून माझ्याकडे बघितलं. मग परत कोपऱ्याकडे बघितलं. मग अशी किंचाळली की मी आयुष्यात पोराला तसं किंचाळताना ऐकलं नाही. मी जाऊन तिला जवळ घेतलं तर मला ढकलायला लागली. मी खोटी होते तिच्या लेखी. खरी मी त्या कोपऱ्यात असायला हवी होते.

हे रोज व्हायला लागलं. कंपनीचा माणूस म्हणाला, सवय होईल. नाना म्हणाले, नव्या जागेत पोरं रडतातच. मग ठरल्याप्रमाणे माझं जाणं बंद केलं आणि ऋचा पाटावर बसायला लागली. नोकरीतून बिनपगारी रजा घेऊन ती बाई दिवसभर बिनधारेच्या विळीपुढे बसायची. पोरगी झोपेतून उठून रिकाम्या कोपऱ्यात जायची. शेवटी ऋचा त्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन बसली, तर निहू त्याच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यात जायला लागली, कधी इथं, कधी तिथं. मग ऋचा तिच्या मागं मागं कोपरे बदलत फिरली. हे मला तिनं फोनवर सांगितलं. रडत नव्हती, नुसती सांगत होती, आणि मला तिची इतकी दया आली की मी तिच्यावरचा राग विसरले.

मीच डॉक्टर इनामदारांना फोन केला. त्या दुसऱ्या दिवशी आल्या, मलाही बरोबर घेऊन गेल्या. दारात उभं राहून त्यांनी खोली एकदा बघितली आणि विचारलं, "हे कुणी उलटवलं?"

नाना म्हणाले, "मापं तपासून बघा."

"मापं बरोबरच आहेत, तेच तर वाईट झालंय," त्या म्हणाल्या. "मुलीला एवढंच ठाऊक आहे की कोपऱ्याकडे तोंड केलं की लांब भिंत उजव्या हाताला आणि आखूड डाव्या हाताला असेल तर तिथं माणूस असतं. आयताकृती खोलीत असे दोन कोपरे असतात, तिरके समोरासमोर. ती त्या दोन्ही ठिकाणी जाऊन शोधते. तुम्ही माणूस उरलेल्या कोपऱ्यात बसवलंत. मग आईनं रोज जागा बदलली. आता तिला भिंतींवरही भरवसा राहिला नाही आणि माणसांवरही नाही. खोली वेगळीच बांधली असती तरी चाललं असतं. ती नवीन म्हणून शिकली असती. तुम्ही तिला तीच खोली खोटी करून दिलीत."

नाना काहीतरी बोलायला गेले. ऋचा म्हणाली, "नाना, तुम्ही आत जा." बापाशी त्या आवाजात बोलताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. नाना आत गेले.

भिंती पाडायला आता वेळ नव्हता, तपासणी तोंडावर आलेली. आणि पाडून तरी काय. निहू तेव्हा खोलीच्या मध्ये जायचीच बंद झाली होती. एक हात भिंतीला लावून कडेकडेनं चालायची. सकाळी तासभर नर्सरीत घातलं होतं, तिथं बाथरूमला गेली की वर्गात परत येता येत नव्हतं, बाई जाऊन शोधून आणायच्या. दार बंद केलं की ते कुठं होतं ते तिला सांगता यायचं नाही. चार वर्षांची पोर, आणि आंधळ्या माणसाला घर माहीत असतं तेवढंही तिला माहीत राहिलं नाही.

परत टोपरं घातलं. परत आम्ही न्यायाधीशबाईंच्या खोलीत बसलो. ऋचाच्या घरी ठिपका नव्हता. सौमित्रच्या घरी नव्हता. माझ्या घरी नेऊन आणलं होतं तिला मुद्दाम, तिथंही नव्हता. पडद्यावर नुसत्या तुटक रेघा, एकीचा दुसरीशी मेळ नाही.

मला वाटलं, आता तरी कुणाला लाज वाटेल. सौमित्रचे वकील उठले आणि म्हणाले की ठिपकाच नाही म्हटल्यावर मुलीचा ओढा कुणाकडेच नाही, तेव्हा दोघांना समान ताबा द्यायला आता काहीच हरकत नाही. ऋचाच्या वकीलबाईंनी मान डोलावली. इतके महिने अडलेलं घोडं सुटलं. सौमित्र पुण्याची बदली रद्द करायला तयार झाला, ऋचा रडून रडून थकलेली, ती कशालाही तयार होती. अर्धा आठवडा आई, अर्धा आठवडा बाप.

डॉक्टर इनामदार उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितलं की सहा वर्षांच्या आत ठिपका परत धरू शकतो, पण त्यासाठी मूल एका जागी राहायला हवं. एकच घर, एकच जमीन, स्वतःच्या पायांवर, वर्ष-दीड वर्ष. कुणाच्याही घरी चालेल, पण एकाच. मी हात वर केला, शाळेतल्यासारखा. म्हटलं, "तोवर दिवसा माझ्याकडे राहू द्या. दोघांच्याही घराचं नाव नको, भांडण नको. मी एक पैसा घेणार नाही."

न्यायाधीशबाई चांगल्या होत्या हो. त्यांनी दोघांना विचारलंसुद्धा. सौमित्र म्हणाला, "म्हणजे परत ठिपका यांच्याकडेच." आणि ऋचानं माझ्याकडे न बघता मान हलवली, नको म्हणून. ती तेव्हा माझ्याकडे बघती तर मी तिला माफ केलं असतं. तिनं बघितलं नाही आणि मी अजून केलेलं नाही.

एक प्रश्न उरला होता. दोघांना एकमेकांचं तोंड बघायचं नव्हतं, तर मुलगी द्यायची-घ्यायची कुठं? कुणाच्या घरी नको, कारखान्यात नको. तेव्हा सौमित्रच्याच वकिलांनी सुचवलं की पाळणाघर दोघांना मध्ये पडतं. आता तिथं ठिपका नाही, त्यामुळे धोका नाही. सगळ्यांना ते पटलं. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

तेव्हापासून दर बुधवारी संध्याकाळी ऋचा निहूला माझ्या दारात सोडते आणि गाडीत बसून निघून जाते. थोड्या वेळानं सौमित्र येतो. शनिवारी उलटं. मधला वेळ तेवढा माझा.

परवाच्या बुधवारी पोरगी उंबऱ्यात उभी राहिली, एक हात चौकटीला लावून. बाकीची मुलं घरी गेलेली. खोली रिकामी होती. मी माझ्या पाटावर बसले होते, मेथी निवडत.

"ये की आत," मी म्हटलं. "तुझीच खोली आहे ना ही."

तिनं खोलीकडे बघितलं. या फरशीवर तिचे गुडघे घासलेत, या भिंतीला धरून ती पहिल्यांदा उभी राहिली. ती बघत होती दवाखान्यात बघतात तशी.

"काकू, इथून मला कोण नेणार?"

"बाबा येतील आता."

"मग?"

"मग शनिवारी आई नेईल."

"मग?"

"मग परत बाबा."

तिनं मान हलवली, समजल्यासारखी. हट्ट नाही, रडणं नाही. मी म्हटलं, "तोवर माझ्यापाशी येऊन बस. ये, चालत ये. सरळ आहे बघ, मध्ये काही नाही." आणि मेथी बाजूला ठेवून हात पसरले.

ती तिथंच उभी राहिली. मग तिनं चौकट सोडली आणि दोन्ही हात वर केले, उचलून घे म्हणून. उंबऱ्यापासून माझ्यापर्यंत.

गुडघे दुखतात माझे आता. पण उठले. उचललं तिला.